माझ्याकडचं टोक

रविवार, ३ फेब्रुवारी

बोट ताब्यात मिळाली. फोटोत दिसत होती त्याच्या निम्मी आहे. दोघांना एकाच वेळी वळायचं असेल तर आधी बसून ठरवावं लागतं. स्वयंपाकाचा ओटा आमच्या फ्रेमा ठोकायच्या टेबलाच्या पाव हिश्श्याएवढा, आणि झोपायची जागा अगदी बोटीच्या पुढच्या टोकात, पायांकडे इतकी निमुळती की ह्यांचे पाय कुठले आणि माझे कुठले ते सकाळी शोधायला लागणार.

हे मात्र हरखून गेलेत. वीस वर्षं दर रविवारी तलावावरच्या क्लबात शिडाच्या होड्या चालवल्या, आता खरा समुद्र आणि खरी बेटं. गेल्या वर्षी मलाही शिकायला लावलं होतं. मी शिकले, पण कौतुक कुणी केलं नाही.

बोट भाड्याने देणाऱ्या बाई कडक आहेत. वारा, दिशा, किती गेलो, कुठे नांगरलो, हे सगळं रोज एका नोंदवहीत लिहायचं आणि संध्याकाळी पाचला वायरलेसवर कळवायचं. वही ह्यांनी माझ्यापुढे सरकवली, म्हणे तुझं अक्षर चांगलं आहे. तीस वर्षं दुकानाची प्रत्येक पावती ह्यांनीच लिहिली, तेव्हा माझं अक्षर कुठे गेलं होतं कोण जाणे. असो. ती वही बाईंची, ही माझी.

मी का आले ते एकदा सरळ लिहून टाकते. आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्या, आरसे, फोटोच्या चौकटी. मोठ्या काचा आम्ही दोघांनीच उचलायच्या, पुढचं टोक ह्यांचं, मागचं माझं. चौदा महिन्यांपूर्वी एका बाईंच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या दाराची काच चढवत होतो. हे वरच्या पायऱ्यांवर, मी खाली. दुसऱ्या वळणावर अचानक सगळं वजन माझ्याकडे आलं, मला पेललं नाही आणि काच गेली. माझ्या नडगीला सात टाके पडले, तेवढ्यावर निभावलं. त्या बाई, शेजारीपाजारी, खाली टेम्पोवाला, सगळे गोळा झाले. हे म्हणाले, "होतं असं कधी. तिच्या हातून निसटली." त्यानंतर आजतागायत एका शब्दाने टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी काउंटरवर. लेकीने माझ्यासाठी उशीची खुर्ची आणली. काचा उचलायला दोन गडी ठेवले. हे स्वतःही काचेला हात लावत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. पुढच्या महिन्यात नाचाच्या शाळेचं काम आहे, भिंतभर बारा आरसे, एकेक माणसापेक्षा उंच. ते मला उचलायचेत, ह्यांच्याबरोबर, माझ्याकडचं टोक धरून. ह्या बोटीवर तेरा दिवस दोघांनीच ओढायचं, धरायचं, बांधायचं आहे. माझे हात शाबूत आहेत हे ह्यांना इथे दिसलं की काम झालं. बाकी बेटं वगैरे ठीक आहे.

सोमवार, ४ फेब्रुवारी

निघतानाच शोभा झाली. बाई धक्क्यावर उभ्या. पुढचा दोर माझ्या हातात, मागचा ह्यांच्या. बाई म्हणाल्या, "सोडा," आणि आम्ही दोघांनीही दोर आणखी घट्ट धरले. त्या पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, आम्ही पुन्हा आवळले. बोट वळली, नाक धक्क्यावर घासलं आणि हातभर रंग गेला.

त्यांना काय सांगणार? आमच्याकडे हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काच हातात असताना चेष्टेतसुद्धा नाही. काच खाली नीट उभी राहिली की मागचा माणूस म्हणतो "टेकली", आणि मगच हात निघतात. लेक लहान असताना तिला 'ते मांजर सोड' म्हणायचीसुद्धा आम्हाला चोरी होती. शेवटी बाईंनीच विचारलं, मग मी म्हणू तरी काय. हे म्हणाले, टेकली म्हणा. त्या बिचाऱ्या धक्क्यावर उभ्या राहून "टेकली" म्हणाल्या आणि आम्ही सुटलो. आम्ही दोघं पोट धरून हसलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी पहिल्या बेटापाशी नांगरलो आणि तिथे माशी शिंकली. किनाऱ्यावर जायला मागे एक छोटी रबरी होडी बांधलेली आहे. तिला दोन बाजूंना दोन मुठी. बाईंचा नियम असा की संध्याकाळी दोघांनी दोन मुठी धरून ती वर डेकवर घ्यायची. मी माझी मूठ धरून उभी. हे म्हणाले, राहू दे, मागेच बांधू. मी म्हटलं, एका पोत्याएवढीसुद्धा जड नाही. तर म्हणे, "उगाच कशाला. तुझा पाय घसरायचा."

माझा पाय. मी मूठ सोडून खाली जाऊन बटाटे सोलले. बाईंच्या वहीत 'वारा मध्यम, सर्व ठीक' असं लिहिलं.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दिवसभर वाऱ्याच्या तोंडावर आडवंतिडवं जात होतो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि चार तासांनी बघावं तर तेच दोन माड तिथेच. हे सुकाणूवर कोपर टेकवून बसतात आणि मला शिडाचे दोर ओढायला लावतात. ते दोर यंत्राच्या रिळावर गुंडाळले जातात, म्हणजे हातून सुटायचा प्रश्नच नाही. तेवढा विश्वास आहे माझ्यावर.

दुपारी दोन टेकड्यांच्या बेटावर उतरलो. उतरलो म्हणजे मी उतरले. रबरी होडी वाळूवर ओढून घ्यायला दोघं लागतात, आणि दोघांनी मिळून करायचं काही आलं की ह्यांचं घोडं अडतं. म्हणाले, तू जाऊन ये, मी होडी सांभाळतो. मी माडांत अर्धा तास एकटी हिंडून आले. पांढरी वाळू, पाणी असं की तळाचा खडा दिसावा. मागे वळून पाहावं तर हे गुडघाभर पाण्यात, होडीचा दोर कमरेला गुंडाळून, बांधून घातलेल्या बैलासारखे उभे. कमरेला बांधतील, पण दुसरं टोक माझ्या हातात देणार नाहीत.

हल्ली जेवतातही डाव्या हाताने चमचा धरून. विचारलं तर म्हणाले, बोट डुलते ना. बोट डुलली की उजवा हात पडतो की काय?

शनिवार, ९ फेब्रुवारी

रबरी होडी गेली. सकाळी उठून पाहिलं तर मागे नुसतं कडं. गाठ ह्यांनी बांधली होती, मी बांधते म्हटलं होतं तरी. दुर्बिणीतून तासभर समुद्र पिंजून काढला, ठिपकासुद्धा नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, निसटतं कुणाच्याही हातून. पण ह्यांनी तेवढंही सुख लाभू दिलं नाही. लगेच म्हणाले, "माझीच गाठ. माझंच चुकलं." किती सहज. मला चौदा महिन्यांत हे असं मोकळेपणी म्हणता आलेलं नाही. मी आपली प्रत्येक वेळी 'अचानक वजन आलं' असं म्हणते आणि हे दुसरीकडे बघतात.

हे दुपारभर उजवा तळवा चोळत एका जागी बसून होते. चहा दिला तो गार झाला. एका होडीसाठी माणसाने किती मनाला लावून घ्यावं.

पाचला बाईंनी वायरलेसवर फैलावर घेतलं. ह्यांनी बोलायचं यंत्र माझ्या हातात दिलं. बाईंनी विचारलं, होडी कशी गेली. मी म्हटलं, बांधलेली होती, गेली. कुणी बांधली ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुणाच्या हातून काय गेलं ते चारचौघांत सांगायची हौस मला नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

आता होडी नाही म्हणजे किनारा नाही. आज दोन बेटं बघितली. बघितलीच. एकावर झरा होता. दुकानाच्या बंद काचेबाहेर उभं राहून आतला माल बघावा तसं चाललंय.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ह्या बेटावर उंच मनोरा आहे, त्यामुळे फोन लागला. लेकीचा आला. ती सध्या दुकान सांभाळते. मी खाली भात टाकत होते, वर ह्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आरसे तयार झालेत, ठेवायला जागा नाही, नाचाच्या शाळेत कधी पोचवायचे असं ती विचारत असणार. हे म्हणाले, "मी आलो की बघू. दोन्ही गडी लागतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही, आई नाही."

गॅस बंद केला आणि वर गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, नऊ दिवस झाले, मी ह्या बोटीवर काय पाडलंय ते सांगा. एक बशी फुटली असेल तर सांगा. म्हटलं, एकदा माझ्याबरोबर काहीतरी धरून तर बघा. आरसा राहू दे, पाण्याची बादली धरा.

"कशाला पाहिजे ते?" हे म्हणाले.

"मला पाहिजे."

"तुझं वय काय, माझं काय. गडी आहेत ना?"

"तुम्हाला माझा भरवसा नाही, असं एकदा तोंडाने म्हणा. मी पुन्हा विचारणार नाही."

हे उठून पुढे नांगरापाशी जाऊन बसले, पाठ करून. भात कच्चाच राहिला आणि तसाच खाल्ला. त्यांना तोंडाने म्हणवत नाही, एवढे ते भले आहेत. ह्या भलेपणाचा मला वीट आलाय. परत गेले की मी काउंटरवरचीच. बारा आरसे दोन गडी उचलतील आणि मी उशीवर बसून बघेन.

बुधवार, १३ फेब्रुवारी

हात भाजलेत, पेन नीट धरता येत नाही, तरी लिहिते.

दुपारी तीनला आभाळ अचानक काळवंडलं आणि वारा उलटा फिरला. आम्ही बेटाच्या पोटात नांगरून होतो, मागे प्रवाळाचा खडक, पाण्याखाली पिवळट दिसणारा. नांगर घसरायला लागला. बटण दाबून नांगर वर घेतला आणि पुढे जाऊन पुन्हा टाकायचा तर यंत्र बंद पडलं. आता दोर हाताने सोडत न्यायचा आणि नांगर रुतला की खुंट्याला वेढे द्यायचे. मी इंजिन चालू ठेवून सुकाणूवर, हे पुढे.

नांगर पाण्यात गेला. दोर जाताना दिसत होता. मी वाट बघत होते की आता वेढा घेतील, आता घेतील. हे दोर धरून उभे होते, आणि दोर त्यांच्या हातातून सरळ पळत होता. मूठ मिटलेली, नजर समोरच्या पाण्याकडे. मी ओरडले, पण वाऱ्यात ऐकू गेलं नसावं. मागे खडक इतका जवळ आला की त्यावरचे मासे दिसत होते. सुकाणू होतं तसं टाकून मी पुढे धावले आणि दोर दोन्ही हातांनी पकडला. तळव्यांची सालं निघाली. दोन वेढे दिले, तिसरा दिला, बोटीला हिसका बसला आणि ती थांबली. बोटीच्या शेपटापासून खडकापर्यंत आमच्या दुकानाच्या लांबीएवढं पाणी उरलं होतं.

मला धाप लागली होती. विचारलं, "धरला का नाहीत?"

"धरलाच होता."

"हातातून पळत होता. मला तिथून दिसत होतं."

हे डेकवर खाली बसले. उजवा हात मांडीवर उलटा ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत होते. "मला कळत नव्हतं तो चाललाय ते. अंगठ्याला आणि ह्या दोन बोटांना काही लागत नाही. दोन वर्षं होत आली."

दोन वर्षं. मी हिशेब केला. हिशेब करायला वेळ लागला नाही.

"जिन्यावर?" मी विचारलं.

"वरचं टोक माझ्या हातून गेलं. म्हणून सगळं वजन तुझ्यावर आलं." आणि मग, मी काही विचारलं नव्हतं तरी, "तुझ्या हातून काहीच निसटलं नव्हतं."

पाऊस आला आणि दहा मिनिटांत गेला. आम्ही तिथेच भिजत बसलो. हे बोलत होते. सगळे जमले होते, तोंडातून निघून गेलं. मग उद्या सांगू, उद्या सांगू असं म्हणत दिवस गेले. काचवाल्याच्या हाताला काच कळत नाही असं झालं तर त्याच्याकडे कोण येणार. डॉक्टरकडेही गेले नाहीत, कारण डॉक्टर काय म्हणेल ते ठाऊक होतं. मी ऐकत होते. पाच वाजले. खाली जाऊन वायरलेसवर बाईंना सांगितलं, नांगर घसरला होता, आता ठीक आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. बोट मी चालवली. सुकाणू मी, दोर मी, नांगर मी. नांगराच्या यंत्राचा उडालेला फ्यूजही मीच बदलला. हे सांगतील ती दिशा, बाकी काही विचारायचं नाही.

आज राग लिहून काढते. राग काच फुटल्याचा नाही आणि हात गेल्याचाही नाही. चौदा महिने मी घरी पिठाचे डबे उचलून दंड बळकट करत होते. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांत डबे, शंभरपर्यंत मोजायचं. एकदा हे दारात येऊन उभे राहिले. बघितलं. सत्तर की एकाहत्तर चाललं होतं. मग जाऊन पेपर वाचत बसले. मला वाटलं, बरं झालं, माझी मेहनत दिसली ह्यांना. आता तो प्रसंग आठवला की हातातलं काहीतरी फेकावंसं वाटतं. ह्या बोटीवर फेकण्यासारखंही काही नाही, सगळं खिळून ठेवलंय.

सकाळी ह्यांना डोळे मिटायला लावले आणि उजव्या हातात एकेक वस्तू दिली. चमचा, किल्ली, दोराचा तुकडा. एकही ओळखता आली नाही. किल्लीला काडेपेटी म्हणाले. मला रडू आलं. दया आली की राग जावा ना? माझा वाढला. मला निवांत रागावतासुद्धा येऊ नये अशी ह्यांनी सोय करून ठेवली आहे.

घरी पोचल्यावर सगळ्यात आधी डॉक्टर, असं सांगितलं. ह्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"किती दिवस?"

"चौदा महिने," मी म्हटलं. "आजपासून."

त्यांनी त्यावर घासाघीस केली नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

धक्क्याला मी लावली. एका फटक्यात, न घासता. बाईंनी बघितलं, पण त्या कौतुक करणाऱ्यांपैकी नाहीत.

कागदपत्रं करताना त्यांनी विचारलं, रबरी होडी कशामुळे गेली, कारण लिहावं लागतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "माझ्या हातात जोर नाही. गाठ मीच बांधली होती. हिचा काही दोष नाही."

हिचा काही दोष नाही. चौदा महिने ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य शेवटी एका बोटवाल्या बाईंना मिळालं. त्यांनी 'बरं' म्हणून ते लिहून घेतलं आणि डिझेल किती उरलंय ते विचारलं.

बाहेर आल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. मी ते फार वेळ राहू दिलं नाही. म्हटलं, हे तिथे म्हणायचं जिथे आधीचं म्हणालात. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना, त्यांच्या शेजाऱ्यांना, टेम्पोवाल्याला, गड्यांना. जितक्यांना माझ्या हातून निसटली असं वाटतं, तितक्यांना.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. जिना चढून."

"आणि लेकीला?"

"तिला आत्ता."

धक्क्यावर एक बाक होता. त्यावर बसून त्यांनी डाव्या हाताने फोन लावला. मी बॅगा मोजल्यासारखं करत उभी राहिले. त्यांनी फार काही सजवलं नाही. हाताचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं. "आई म्हणायची ना, अचानक वजन आलं म्हणून. ते खरं होतं," असं म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्यापुढे केला. म्हणाले, आईला दे म्हणते.

मी घेतला. ती रडत होती ते कळत होतं. मला वाटलं आता माफी मागेल, त्या उशीच्या खुर्चीबद्दल बोलेल, आणि मग मला सावरता येणार नाही. पण माझीच लेक आहे ती. नाक ओढलं आणि म्हणाली, "आई, नाचाच्या शाळेच्या आरशांचं काय करू?"

"गड्यांतल्या एकालाच थांबायला सांग," मी म्हटलं. "दुसरं टोक माझं."